मानवशास्त्राचे प्रवेश बंद करू नका: आमच्या महाविद्यालयाच्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
मा. प्राचार्य,
आणि विद्यापीठाच्या विद्या परिषदेचे मा. सदस्य

विषय: बी.ए. प्रथम वर्षासाठी मानवशास्त्राचे प्रवेश थांबवण्याचा निर्णय

सादर जय सेवा.

गेल्या महिन्यात महाविद्यालयाच्या सूचना फलकाचा एक फोटो मला व्हॉट्सॲपवर आला. चार ओळींची नोटीस होती. विद्यार्थिसंख्या अपुरी असल्याने मानवशास्त्राला, म्हणजे माणूस आणि त्याचा समाज अभ्यासणाऱ्या विषयाला, यंदापासून बी.ए. प्रथम वर्षात प्रवेश मिळणार नाहीत; आत असलेली मुले बाहेर पडेपर्यंत विषय चालेल. खाली सही आणि शिक्का. फोटो पाठवणारा मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडच्या एका पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, कोलाम. यंदा बारावी झाला. फोटोखाली त्याने लिहिले होते, "ताई, आता काय घेऊ?"

त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. आधी आपल्याला दोन पत्रे पाठवली, एक टपालाने आणि एक ईमेलने. पोच आली नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी 2006 ते 2009 या काळात आपल्या महाविद्यालयात शिकले. गोंड आहे. घर केळापूर तालुक्यात, वडिलांची अडीच एकर कोरडवाहू कपाशी. सध्या मी ग्रामसभांबरोबर सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे काम करते. ज्या विषयावर आपण फुली मारली आहे, त्या विषयाने मला हे काम दिले. कसे, ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचणार नाही.

माझ्या मोठ्या भावाला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला, तेव्हा जातवैधतेसाठी घरी चौकशी आली. दक्षता पथकाचे एक साहेब अंगणात खाटेवर बसले. हातात छापील नमुना. कुलदैवत कोणते, लग्न कसे लावता, मयत पुरता की जाळता, घरात कोणती बोली बोलता. बाबांनी सांगितले, "आमचा देव फडापेन आहे साहेब." साहेबांनी क्षणभर पेन थांबवला आणि कागदावर लिहिले: महादेव. बाबा म्हणाले, "महादेव नाही, फडापेन." साहेब म्हणाले, "एकच ते." मी तेव्हा नववीत होते. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. माणूस खरे सांगत होता आणि त्याच्यासमोरच ते खोटे होऊन कागदावर उतरत होते. पुढे त्याच उत्तरावर शंका निघाली, भावाची दोन वर्षे गेली आणि तो शेतीत परतला.

मग मी आपल्या महाविद्यालयात आले. इतर विषय ठरले होते, तिसरा राहिला होता. खिडकीवरच्या बाबूंनी सांगितले की मानवशास्त्रात जागा आहे. मला तो शब्दही माहीत नव्हता. पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी फळ्यावर खुणा काढल्या: त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मध्ये बरोबरीचे चिन्ह म्हणजे लग्न. घरी जाऊन आजीला विचारा आणि आपल्या घराचा असा तक्ता काढून आणा, म्हणाल्या. पुढच्या तासाला बावन्न जणांचे बावन्न तक्ते आले. कुणब्याच्या पोरीने सांगितले, आमच्यात मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. तांड्यावरचा मुलगा म्हणाला, राठोडाने राठोडाकडे सोयरीक करायची नाही, मग तो कितीही लांबच्या तांड्यावरचा असो. माझी पाळी आली तेव्हा मी जरा दबूनच सांगितले की आजी म्हणते, आपण सात देववाले. सात देववाल्यांत आपले लग्न होत नाही, ते भाऊबंद.

मॅडम थांबल्या. त्यांनी मला पुढे बोलावले, खडू दिला आणि चार देव, पाच देव, सहा देव, सात देव हे सगळे फळ्यावर मांडायला लावले. मग वर्गाला सांगितले की ही लग्नाची एक पूर्ण, विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था आहे आणि जगभरातले अभ्यासक ती समजून घ्यायला आमच्या गावांत येऊन राहिले आहेत. माझ्या आजीचे बोलणे फळ्यावर होते. बावन्न मुले ते वहीत उतरवून घेत होती. आपण शिक्षणसंस्था चालवता, आपल्याला हे सांगायला नको की त्या वयात अशा एका तासाने काय होते.

आता आपल्या नोटिशीकडे येते.

विद्यार्थिसंख्या अपुरी, असे आपण म्हणता. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला चौदा जण होते, हे खरे आहे. पण बावन्नाचे चौदा कसे झाले, त्याचा हिशेब नोटिशीत नाही. तो मी मांडते, कारण तो महाविद्यालयाच्याच कागदांत आहे.

मॅडम 2017 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची जागा तेव्हापासून रिकामी आहे. दरवर्षी कोणीतरी तासिका तत्त्वावर येते, जून-जुलैत नेमणूक होत नाही, ऑगस्ट उजाडतो, मानधन कधी दिवाळीनंतर तर कधी वर्ष संपल्यावर मिळते. सध्या शिकवणारे सर नेट झालेले आहेत. ते रोज एसटीने ये-जा करून पाच पेपर एकटे ओढतात. असा विषय कोणते मूल विश्वासाने घेईल?

वेळापत्रकात मानवशास्त्र आणि मराठी साहित्य एकाच तासाला लावले आहेत. गावाकडची बहुतेक मुले मराठी साहित्य घेतात. म्हणजे दोन्ही घेण्याची वाटच बंद. हे एकदा झाले असते तर चूक म्हटले असते. सलग चौथे वर्ष आहे.

गेल्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत विषयाचे नाव "मानसशास्त्र" असे छापले गेले. एका अक्षराचा फरक. आपल्याकडे मानसशास्त्र शिकवलेच जात नाही. ज्यांना ते हवे होते ते चौकशी करून निराश होऊन गेले आणि ज्यांनी मानवशास्त्र घेतले असते त्यांना ते आहे हेच कळले नाही. दुरुस्तीपत्रक काढावे असे सरांनी लेखी कळवले होते. ते निघाले नाही.

आणि क्षेत्रकार्य. या विषयाचा प्राण तो. दुसऱ्या वर्षाला दहा दिवस गावात राहायचे, घर-घर फिरायचे, रोजची टिपणे रात्री पूर्ण करायची. 2018 नंतर एकही तुकडी गेलेली नाही. आधी निधी नाही म्हणून, मग कोरोना म्हणून, आणि कोरोना संपल्यावर कारणही सांगितले गेले नाही. आता मुले जुन्या वह्यांतून गावाचे वर्णन उतरवून प्रात्यक्षिकाची वही सादर करतात. त्यांना दोष देत नाही, मार्क तर हवेत.

शिक्षक काढून घेतला, तास अडवला, नाव चुकवले, गाव बंद केले आणि शेवटी डोकी मोजली. ही संख्या मुलांनी ठरवलेली नाही.

आमच्या क्षेत्रकार्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांना ते सहलीसारखे वाटते असे माझ्या कानावर आले आहे. 2008 च्या जानेवारीत आम्ही अकरा जण एका कोलाम पोडावर राहिलो. तिथे सरकारी घरकुले बांधून तयार होती, रस्त्याकडे तोंड करून, एका रांगेत. निम्म्याहून जास्त घरांत जळण आणि शेळ्या होत्या. माणसे मागे जुन्या कुडाच्या घरांत राहत होती. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, यांना फुकटचे दिले तरी कळत नाही. आम्हीही पहिल्या दिवशी तसेच म्हणालो. मॅडमनी आम्हांला फक्त एक काम दिले: पोडाचा नकाशा काढा, कुठले दार कुठे बघते ते दाखवा, आणि संध्याकाळी कोण कुठे बसते ते टिपा. तीन दिवसांत नकाशाच बोलायला लागला. जुनी घरे चावडीभोवती होती. चावडीत नाईक बसायचा, भांडण तिथे मिटायचे, पाहुणा तिथे उतरायचा, सण तिथे व्हायचा. घरकुलांच्या रांगेतून चावडी दिसत नव्हती. एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "तिकडं गेलं की आपन कोनाचे हेच समजत नाही." बांधणाऱ्याने सिमेंट, विटा, खर्च सगळे मोजले होते, हे एक विचारायचे राहिले होते.

आज कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींसाठी 2023 च्या नोव्हेंबरपासून पीएम-जनमन योजना चालू आहे. पुन्हा घरे बांधली जात आहेत. ती बांधताना चावडीचे विचारणारे कोणी असेल की नाही, हे आपल्यासारख्या महाविद्यालयांत काय शिकवले जाते त्यावर थेट अवलंबून आहे. कारण पंचायत समितीत, वनखात्यात, आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत नोकरीला लागणारी या भागातली माणसे तुमच्या बी.ए.च्या वर्गातूनच जातात.

"या विषयाला स्कोप नाही," असे प्रवेश समितीच्या टेबलावर मुलांना सांगितले जाते. मला स्वतःला हे वाक्य तिघांनी सांगितले. म्हणून विचारते, ज्या राज्यात हा विषय कायद्याने रोज लागतो, तिथे त्याला स्कोप नाही म्हणजे काय?

सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये माधुरी पाटील प्रकरणात जातपडताळणी समित्यांची घडण ठरवून दिली. जमातीची ओळख पटवण्याची जाण असलेला संशोधन अधिकारी समितीत असावा आणि दक्षता पथकाने जमातीची मानवशास्त्रीय वैशिष्ट्ये, देव, विधी, लग्नाच्या आणि मयताच्या रीती यांची माहिती घ्यावी, असे त्या निकालात आहे. ज्याला आपण सगळे ॲफिनिटी टेस्ट म्हणतो ती इथून आली. पुढे 2023 च्या मार्चमध्ये याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितले की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. का नव्हे, हे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे: संस्कृती बदलते, माणसे स्थलांतर करतात, शेजाऱ्यांचे सण घेतात, भाषा हरवते, आणि तरी माणूस त्या जमातीचा राहतो. माझ्या वडिलांसमोर बसलेल्या साहेबांनी पुस्तकातला हा एक धडा वाचला असता तर कागदावर फडापेन लिहिले गेले असते.

2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ गटात दोन अशासकीय सामाजिक शास्त्रज्ञ असलेच पाहिजेत. ते कोठून येणार? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी कोयनेच्या धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा असा कायदा नव्हता. आता कायदा आहे आणि आपण ते शिकवणारा वर्ग बंद करतो आहोत.

सिकलसेलचे घ्या, आईबापांकडून येणारा हा रक्ताचा आजार. आपल्या जिल्ह्यात हा शब्द अशिक्षित माणसालाही माहीत आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. 1 जुलै 2023 ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य. रक्त तपासणारे यंत्र मिळेल. पण लग्न जुळवताना दोन्हीकडचे तपासणीचे कार्ड बघा, हे सांगायचे तर लग्न कोण जुळवतो, कोणत्या देवाच्या घरात मुलगी जाते, मामाचा शब्द किती चालतो, हे माहीत हवे. वाहक असणे म्हणजे पोरीत खोट नाही. याच गुणाने कधीकाळी आपल्या पूर्वजांना हिवतापापासून आधार दिला, हे समजावता यायला हवे. रक्त आणि नाते एकाच वर्गात शिकवणारा बी.ए.ला दुसरा विषय मला सांगा.

आणि 2027 ची जनगणना. त्यात जातींची नोंद होणार आहे. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाने 1985 मध्ये देशातल्या समाजांची पाहणी सुरू केली, तेव्हा 4635 समाज नोंदले गेले. एकाच समाजाची तीन गावांत तीन नावे आणि एकाच नावाचे दोन वेगळे समाज, हे त्यातून पुढे आले. या संस्थेचे केंद्र आपल्यापासून काही तासांवर नागपुरात आहे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा पाचशे गुणांचा ऐच्छिक विषय आहे आणि पुण्यातल्या खोल्यांत राहून आपल्याच भागातली मुले क्लासला पैसे भरून तो शिकतात. इथे तो फीच्या रकमेत मिळत होता.

मला हेही सांगितले गेले की ज्यांना आवड आहे त्यांनी पुण्याला जाऊन एम.ए. करावे. इथे माझे म्हणणे सगळ्यात कळकळीचे आहे, कृपया लक्ष द्यावे. आवड लागायला आधी विषय भेटावा लागतो. पोडावरून, तांड्यावरून, पारध्यांच्या बेड्यावरून आलेले मूल एम.ए.पर्यंत पोचेल तेव्हा पोचेल; बी.ए.पर्यंत मात्र ते येते, कारण बी.ए. तालुक्याच्या गावी आहे, एसटीचा पास आहे, संध्याकाळी घरी परतता येते. पदवीचा वर्ग हाच आमचा दरवाजा. तो बंद झाला की मानवशास्त्र पुन्हा फक्त बाहेरून आलेल्यांचे राहील. ते येतील, आमच्या चावडीत बसतील, प्रश्न विचारतील, लिहून नेतील. त्यांतले कित्येक फार चांगले असतात, मी त्यांच्याबरोबर काम केले आहे. पण शंभर वर्षे आमच्यावर लिहिले जात आहे. आमच्या मुलांनीही वही हातात घ्यावी, यात जास्तीचे काय मागितले?

या विषयाचा इतिहास स्वच्छ नाही, हे मी लपवत नाही. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी म्हटल्याचे समजले की डोकी आणि नाके मोजणारे हे इंग्रजांचे शास्त्र, ते हवे कशाला. त्यांचा राग मला समजतो. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावू पाहिली. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो डाग कागदावरून पुसायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला आणि पारध्यांच्या बेड्यावर तो आजही पुसलेला नाही. पण हे मला कोठे कळले? याच वर्गात. त्याच मॅडमनी आमच्या हातात मोजमापाचे कॅलिपर दिले, एकमेकांची डोकी मोजायला लावली, आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारले, आता सांगा यात कोण कुठल्या जातीचा? कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी इरावतीबाईंची गोष्ट सांगितली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचा सिद्धान्त मांडणारे. कवट्यांच्या दोन बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो का, हे बाईंनी मोजायचे होते. त्यांनी मोजले. तसे काही आढळले नाही आणि तसेच त्यांनी लिहिले, परक्या देशात, ज्यांच्या हातात पदवी होती त्यांच्यासमोर. ज्या शास्त्राने आमचा घात केला त्याच शास्त्राची मोजपट्टी घेऊन त्याला खोटे पाडता येते, हे अठराव्या वर्षी कळणे फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना या विषयाच्या भूतकाळाची चीड आहे त्यांनी तर तो आधी शिकवला पाहिजे.

पैनगंगेपलीकडे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई नावाचे गोंडांचे गाव आहे. आमच्या नात्यातली माणसे त्या मुलखात आहेत. 1940 मध्ये निजामाविरुद्ध लढणारा गोंड पुढारी कुमरम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला तिथल्या असंतोषाचे कारण शोधायला पाठवले. तो मारलवाईत राहिला. लोकांच्या जमिनी गेल्या आहेत, हे त्याने सरकारला सांगितले, पट्टे मिळवून देण्यासाठी झटला आणि गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार केले. मुलांसाठी गोंडी वाचनपाठ झाले ते आपल्या देवनागरीत. दर जानेवारीत त्याच्या आणि त्याची पत्नी बेटी हिच्या स्मरणार्थ लोक तिथे आजही जमतात. मी दोनदा गेले आहे. एका परक्या माणसाने ऐकून घेतले, एवढ्याचा हा मान. ऐकून घेणे शिकवता येते, सराव करून येते, आणि ते शिकवणारी एकच खोली आपल्या महाविद्यालयात होती.

आपली अडचण मला अगदीच दिसत नाही असे नाही. पदभरती आपल्या एकट्याच्या हातात नाही, अनुदान वेळेवर येत नाही, नव्या शैक्षणिक धोरणाचे श्रेयांक जुळवताना प्राचार्यांची झोप उडाली आहे, हे सर्व खरे. पण तेच धोरण 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही आले आणि त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला फिल्ड प्रोजेक्ट आहे, समाजाशी जोडणारे काम आहे, भारतीय ज्ञानपरंपरा आहे. गावात जाऊन कसे विचारायचे, कसे टिपायचे, कोणाची परवानगी घ्यायची, घेतलेली माहिती कोणाची, हे ज्यांना शिकवता येते तो विभाग आपल्याकडे आयता आहे. त्याला बंद करून हे प्रोजेक्ट आपण कोणाकडून करून घेणार आहात?

आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या म्हणजे एकोणचाळीस माजी विद्यार्थ्यांच्या. सह्यांची प्रत महाविद्यालयाच्या कार्यालयात दिली आहे.

पहिली, नोटीस मागे घ्या आणि यंदाचे प्रथम वर्षाचे प्रवेश द्या. प्रवेशाची मुदत संपण्याआधी हे झाले नाही तर बाकीच्या मागण्यांना अर्थ उरत नाही.

दुसरी, रिक्त पदाचा प्रस्ताव पाठवा आणि त्याची प्रत सूचना फलकावर लावा, म्हणजे तो कोठे अडला ते आम्हांलाही कळेल आणि आम्हीही पाठपुरावा करू. तोवर तासिका तत्त्वावरच्या सरांचे मानधन दरमहा द्या. संस्थेला आगाऊ रक्कम देणे जड जात असेल तर तेवढ्या महिन्यांपुरता निधी माजी विद्यार्थी उभा करतील. हे आम्ही लेखी द्यायला तयार आहोत.

तिसरी, तास हलवा. मराठी साहित्य आणि मानवशास्त्र एकत्र घेता आले पाहिजे. याला खर्च शून्य आहे.

चौथी, मानवशास्त्र हा मायनर (दुय्यम) विषय म्हणून सर्व शाखांना खुला करा. विज्ञानाच्या मुलीला सिकलसेलची आनुवंशिकता कळते, तिला सगा-सोयरा कळू द्या.

पाचवी, क्षेत्रकार्य पुन्हा सुरू करा. राहण्याची, जेवणाची सोय आमच्यातले पाच जण आपापल्या गावांत करतील. ग्रामसभांशी मी बोलले आहे. त्यांतल्या तीन ग्रामसभांनी ठराव करून होकार दिला आहे. मुलांनी काय लिहिले ते जाण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवावे, एवढी त्यांची अट आहे. ती आपण मान्य करावी अशी माझीही विनंती आहे.

सहावी मागणी विद्या परिषदेकडे. मराठीत पदवीची पुस्तके द्या. एकेकाळी नागपूरचे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ पदवीच्या विषयांची मराठी पुस्तके काढत असे. आज आमची मुले कितव्यातरी झेरॉक्सवर शिकतात, ज्यात आकृत्या काळ्या डागांसारख्या दिसतात. केवळ पुस्तक नाही म्हणून लोकसेवा आयोगाची उत्तरे मराठीत लिहू इच्छिणारी मुलेही हिंदीकडे वळतात. अभ्यास मंडळाने लेखकगट नेमावा. आमच्या मॅडम, वय झाले असले तरी, त्यांच्या तीस वर्षांच्या टिपणांसह मदतीला तयार आहेत.

शेवटची, विभागाच्या खोलीची. ती संगणक कक्षासाठी रिकामी करण्याचे ठरले आहे असे ऐकते. त्या खोलीत मानवी सांगाडा आहे, कवट्यांचे साचे आहेत, शरीराची मापे घेण्याचा अँथ्रोपोमीटर आहे, दगडी हत्यारांच्या प्रतिकृती आहेत. आणि एका लोखंडी कपाटात 1984 पासूनच्या क्षेत्रकार्याच्या वह्या आहेत. या जिल्ह्यातल्या चाळीसेक गावांची घरे, नाती, सण, औषधे, विहिरी, सावकार, सगळे मुलांच्या हस्ताक्षरात. त्यांतल्या काही जागा आज टिपेश्वरच्या जंगलात आहेत, काही खाणीखाली. दोन वनहक्क दाव्यांत जुन्या वहिवाटीचा धागा मला या वह्यांतच सापडला. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. खोली द्यायचीच झाली तर कपाट ग्रंथालयात हलवा आणि वह्यांची यादी करा. यादी करायला आम्ही येऊ.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या शनिवारी आहे असे कळते. आम्हांला पंधरा मिनिटे द्यावीत. मॅडम येतील, मी येईन, आणि झरी जामणीचा तो मुलगाही येणार आहे. त्याने त्याच्या पोडाचा तक्ता काढायला सुरुवात केली आहे, त्रिकोण आणि वर्तुळे घालून. खुणा मी त्याला फोनवर सांगितल्या. तक्ता तो बरोबर आणेल.

आपली,
बी.ए. (मानवशास्त्र), 2009 च्या तुकडीची एक विद्यार्थिनी